मुरुड-जंजिरा तीन दिवसांत कसा पाहावा: तिथी बघून आखलेला बेत

एका ताईंचा प्रश्न आहे. जानेवारीत शनिवार-रविवार-सोमवार असे तीन दिवस त्या पुण्याहून येणार. सोबत आई-वडील आणि चौथीतली लेक. वडील बहात्तर वर्षांचे, गुडघे दुखतात. यादी अशी: अलिबागचा कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा, पद्मदुर्ग, नबाबाचा राजवाडा आणि जमलं तर दिवेआगर. शिवाय लेकीचा प्रश्न: शिवाजी महाराजांना एवढे किल्ले घेता आले, मग जंजिरा का नाही?

ताई, लेकीचा प्रश्न तुमच्या यादीपेक्षा मोलाचा आहे, म्हणून सगळा बेत त्याच्याभोवतीच आखू या. मी या किनाऱ्यावर पाहुण्यांना किल्ले दाखवतो. सात ठिकाणांची यादी घेऊन आलेल्या माणसांना परत जाताना कुठला बुरूज कुठल्या किल्ल्यातला, हे आठवत नाही. तुम्ही दोन्ही रात्री मुरुडलाच राहा. राजपुरीची खाडी आणि तिच्या तोंडावरचा मुलूख नीट पाहा. कुलाबा परतीच्या वाटेवर घेऊ. कोर्लई आणि दिवेआगर या वेळी सोडून द्या. कोर्लईचा डोंगर वडिलांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि दिवेआगरला जायचं तर आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट जंगल जेट्टीनं खाडी ओलांडायची, पलीकडून पुन्हा पल्ला मारायचा, यात अख्खा दिवस जातो.

आधी राजवाड्याचं सांगतो, कारण तिथे बहुतेकांची निराशा होते. अलिबागकडून मुरुडला येताना गावाच्या अलीकडे टेकाडावर घुमट आणि कमानींची जी देखणी इमारत दिसते, तो जंजिऱ्याच्या नबाबांचा अहमदगंज राजवाडा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ही खाजगी मालमत्ता आहे, आत सोडत नाहीत. फाटकावर रखवालदाराशी हुज्जत घालू नका, रस्त्यावरूनच पाहा. संध्याकाळच्या उन्हात तो फार सुंदर दिसतो. मात्र पाहताना एवढं लक्षात असू द्या की मुरुड ही एका संस्थानाची राजधानी होती. सिद्दींचं, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या घराण्याचं, हे राज्य 1948 मध्ये भारतात विलीन झालं. काठेवाडातलं जाफराबादही त्यांच्याच ताब्यात होतं. पाण्यातला किल्ला आणि टेकाडावरचा राजवाडा हे एकाच घराण्याच्या दोन काळांतले दोन मुक्काम आहेत. समुद्रातल्या तटाच्या आत राहायची गरज उरली नाही, तेव्हा नबाब किनाऱ्यावर राहू लागले. हे डोक्यात असलं की राजवाडा बाहेरून पाहूनही पुष्कळ कळतं.

राजवाडा आतून पाहायची हौस असेल तर ती दुसऱ्या सुट्टीसाठी ठेवा आणि दक्षिणेला उतरा. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्यासाठी हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. सावंतवाडीचा राजवाडाही मोती तलावाकाठी आहे आणि तिथे हातानं रंगवलेले गंजिफाचे पत्ते पाहायला मिळतात. दोन्ही ठिकाणं मुरुडहून फार लांब आहेत, या तीन दिवसांत बसणार नाहीत.

आता भरती-सुकतीचं, म्हणजे भरती-ओहोटीचं. पाण्यातल्या किल्ल्याला जाणारा माणूस हॉटेल आधी बघतो, गाडी आधी बघतो, आणि समुद्राची वेळ धक्क्यावर येऊन विचारतो. तुम्ही उलट करा. तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडरात तिथी बघा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊण पट करतात. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर सुकती, म्हणजे सकाळी आणि रात्री नवाच्या आसपास. अष्टमीला सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला सुकती. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. थोडंफार मागंपुढं होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ आदल्या दिवशी मोबाइलवर किंवा धक्क्यावर विचारून पक्की करा.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. तेव्हा भरतीला पाणी खूप चढतं आणि सुकतीला खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि पुरतं हटतही नाही. अलिबागच्या कुलाब्याला चालत जायचं असेल तर हे माहीत असायलाच हवं. अष्टमीला सुकती भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते, पण भांगामुळे वाटेत पाणी राहतं. पौर्णिमेला वाट छान उघडी पडते, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस मला सगळ्यांत बरे वाटतात. सुकती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते आणि उधाणाचा जोर अजून थोडा शिल्लक असतो. तुमचा शनिवार तृतीयेला आला तर सोमवार साधारण पंचमीला येईल, आणि तीन दिवसांचं गणित आपोआप जुळेल. असा शनिवार निवडता आला तर जरूर निवडा.

जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. खोरा बंदरातूनही बोटी सुटतात. शनिवारी पोहोचल्यावर घाईनं धक्का गाठू नका, रविवार त्यासाठीच ठेवा. चतुर्थीच्या हिशेबानं रविवारी सुकती नवाला आणि भरती तीनला. मग साडेअकरा-बारापर्यंत निघा, म्हणजे पाणी चढत असताना किल्ल्याला लागाल. हे मी वडिलांसाठी सांगतोय. जंजिऱ्याची खरी अडचण चढ-उतारात नाही, होडीतून पायरीवर पाऊल टाकण्यात आहे. होडी दरवाजापाशी हलत असते, पायऱ्या दगडी आणि ओल्या असतात. सुकतीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवरून पाय घसरतो. पाणी चढलेलं असलं की वरच्या कोरड्या पायरीवर उतरता येतं. चढण्याआधीच तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सांगा, "काका, आमच्यासोबत वयस्कर माणूस आहे, शेवटी उतरवा." खलाशी दोन्ही हात धरून उतरवतात, त्यांना त्याची सवय असते. वडिलांनी फक्त घाई करायची नाही, आणि खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकायचं. चप्पल मागून पट्टा असलेली असू द्या. लेकीला तुमच्या आधी उतरू देऊ नका.

रविवारच्या गर्दीत होडीवाले किल्ल्यात पाऊण तास देतात. तुम्हाला तेवढ्यात काही दिसणार नाही. निघतानाच ठरवून घ्या की आम्ही नंतरच्या होडीनं परत येऊ. स्वतंत्र होडी परवडत असेल तर उत्तमच. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी होड्या थांबतात, पुढे कधी आलात तर ध्यानात ठेवा. पावसाळ्यात हा प्रवास बंदच असतो. किल्ल्यात खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. माणशी लिटरभर पाणी, लिंबू-साखर, टोपी न्या, आणि बाटल्या परत आणा.

जाताना लेकीला होडीत पुढे बसवा आणि सांगा, दरवाजा शोध. तो सापडणार नाही. राजपुरीच्या बाजूनं तट अखंड दिसतो. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशाला दडलेला दरवाजा एकदम समोर येतो. दूरवरून तोफ डागणाऱ्याला नेमका नेम कुठे धरायचा हेच कळू नये, अशी ती रचना आहे. दरवाजाजवळच्या भिंतीत हत्तींना पंजांत धरलेल्या हिंस्र श्वापदाचं शिल्प आहे. त्यापुढे थोडं थांबा. पाहणाऱ्याला बळ दाखवण्यासाठीच ते तिथे बसवलं आहे.

आत गेल्यावर वडिलांना देवडीच्या सावलीत बसू द्या. तिथून गोड्या पाण्याच्या तलावापर्यंत त्यांनी सावकाश यावं, एवढं त्यांना पुरे. बुरुजांवर चढायचा हट्ट नको. तुम्ही आणि लेक कलालबांगडी तोफेपाशी जा. सगळे तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात. तुम्ही तिच्या तोंडाच्या दिशेनं समुद्राकडे पाहा. कुठल्या वाटेनं आलेलं गलबत तिच्या टप्प्यात येत असेल, हे डोळ्यांनी मापा. चावरी आणि लांडा कासम या दुसऱ्या दोन तोफाही पाहून घ्या. मग तटावरून पश्चिमेला दर्या दरवाजापर्यंत जा. हा छोटा दरवाजा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे. राजपुरीकडून वेढा पडला तरी या दारानं माणसं, दाणागोटा, दारूगोळा आत येऊ शकत होता. किल्ल्यात मधोमध सिद्दी सुरूलखानाच्या वाड्याचे उंच पडके अवशेष आहेत. त्यांच्या आत शिरू नका, भिंती धड नाहीत. बाहेरून मजले मोजा. जोती, वाटा, मशीद, तलाव पाहताना इथे एक नांदतं गाव होतं हे कळतं. नुसत्या तोफा पाहून परतणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटतं.

आता लेकीचं उत्तर. ते तिला तटावर उभं करूनच द्या. पूर्वेला राजपुरी आणि दंडा ही किनाऱ्यावरची गावं दिसतात, वायव्येला समुद्रात पद्मदुर्ग. सगळी लढाई या एवढ्याशा मुलखात झाली.

तिला सांगा की एकदा जंजिरा महाराजांच्या हाती येता येता राहिला. 1670 च्या सुमाराला किल्लेदार सिद्दी फत्तेखान महाराजांच्या माऱ्यानं इतका जेरीस आला होता की किल्ला देऊन टाकायला तयार झाला. त्याच्या हाताखालच्या सिद्दी संबूल, कासम आणि खैर्यत यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी फत्तेखानालाच कैद केलं आणि औरंगजेबाचा आश्रय घेतला. तिथे सगळं पालटलं. आता सिद्दी हे मुघलांचं आरमार झालं. सुरतेहून पैसा येऊ लागला, जहाजं येऊ लागली. लगेच 1671 च्या शिमग्यात, किनाऱ्यावरचे मराठे होळीच्या सणात असताना, सिद्दी कासमनं रात्री छापा घालून मराठ्यांनी जिंकलेली दंडा-राजपुरी परत घेतली. दारूकोठार उडालं आणि पुष्कळ माणसं गेली.

म्हणजे कारणं एकापाठोपाठ एक आहेत. चहूकडे खोल पाणी, त्यामुळे सुरुंग लावता येत नाही आणि तटाला भिडताही येत नाही. आत गोडं पाणी, त्यामुळे तहानेनं किल्ला पडत नाही. मागचं दार समुद्राकडे, त्यामुळे उपासमारही होत नाही. पाठीशी मुघलांची तिजोरी. आणि पावसाळ्यात सिद्दीची जहाजं मुंबईच्या बंदरात नांगर टाकत. इंग्रजांना ते आवडत नसे, पण मुघलांशी बिघडवायची त्यांची तयारी नव्हती. मराठ्यांचं आरमार तर तेव्हा नुकतंच उभं राहत होतं.

प्रयत्न मात्र थांबले नाहीत. मोरोपंत पेशवे मोहिमेवर असताना लाय पाटील नावाच्या कोळी वीरानं रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्याची हकिकत आमच्याकडे आजही सांगतात. मागून यायची ती फौज वेळेवर आली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढाव्या लागल्या. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असं म्हणून त्यानं ती नम्रपणे नाकारली. मग महाराजांनी त्याच्यासाठी गलबत बांधवलं आणि त्याचं नाव 'पालखी' ठेवलं. पुढे 1682 मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूनं खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला. तेवढ्यात मुघल फौज कल्याणच्या बाजूनं कोकणात उतरली, त्यांना परत फिरावं लागलं आणि काम अर्धवट राहिलं. सिद्दींचा जोर मोडला तो थेट पेशवाईत. 1733 मध्ये रायगड त्यांच्याकडून सुटला आणि 1736 मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसच्या बाजूला सिद्दी सात या त्यांच्या सरदाराला लढाईत मारलं. किल्ला मात्र सिद्दींकडेच राहिला. चौथीतल्या मुलीला हे सगळं कळतं. मुलांना जिंकल्याच्या गोष्टींइतक्याच न जमलेल्या मोहिमांच्या गोष्टीही आवडतात. मी हे रोज पाहतो.

पद्मदुर्ग हा याच झगड्याचा दुसरा अर्धा भाग आहे. मुरुडसमोरच्या कांसा बेटावर महाराजांनी तो जंजिऱ्याला शह म्हणून उभारला, म्हणून लोक त्याला कासा किल्लाही म्हणतात. तिथे रसद पोहोचवण्यात प्रभावळीच्या सुभेदारानं दिरंगाई केली, तेव्हा महाराजांनी 1675 मध्ये त्याला लिहिलेलं खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. तिथल्या बांधकामाची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन तटाचे दगड झिजले, आत गेले, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा पुढे उभा आहे. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. तो चुना कालवणाऱ्या गवंड्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, त्यांचं काम मात्र बोट लावून पाहता येतं. पडकोटाचा, म्हणजे मुख्य तटाबाहेरच्या कोटाचा, बुरूज वर कमळाच्या पाकळ्यांसारखा घडवलेला आहे.

पण ताई, आई-वडिलांना तिथे नेऊ नका. नेहमीची होडी नाही, नीट धक्का नाही. कोळी बांधवांशी बोलून होडी ठरवावी लागते आणि खडपाजवळ गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. समुद्र शांत असेल तर रविवारी सकाळी तुम्ही आणि लेक जाऊन या. जानेवारीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी बहुधा निवांत असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, लाट वाढते. तांडेल "आज नको" म्हणाला तर एका शब्दानं आग्रह करू नका. आजी-आजोबा तोवर मुरुडच्या पुळणीवर फिरतील. ती सपाट आणि टणक आहे, काठी टेकत चालता येतं.

शनिवारी संध्याकाळसाठी खोकरी ठेवा. राजपुरीजवळच हे गाव आहे, तिथे सिद्दींचे तीन घुमट आहेत. सगळ्यांत मोठा सुरूलखानाचा, बाकी दोन सिद्दी कासम आणि खैर्यतखान यांचे. गाडी जवळ जाते, चढ नाही, गर्दी नाही. दगडी जाळ्यांचं काम पाहण्यासारखं आहे. रविवारी लेकीला जी नावं सांगाल, ती माणसं कुठे पुरली आहेत हे तिनं आदल्या दिवशी पाहिलेलं असेल. वडिलांनाही ही जागा आवडेल, असं मला वाटतं.

सोमवारी सकाळी लवकर मुरुड सोडा. काशीदमार्गे साळावचा पूल ओलांडताना डावीकडे खाडीच्या तोंडावर कोर्लईचा डोंगर दिसेल, गाडीतूनच पाहा. पुढे रस्ता रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटातूनच जातो. अलिबागला साडेनऊपर्यंत पोहोचलात तर कुलाब्याची वाट उघडी असेल. पोटरीभर पाणी असलं तरी घोडागाडी जाते, वडिलांना तीत बसवा. आंग्र्यांचा हा किल्ला पाहताना समुद्राकडच्या तटाचे मोठाले चिरे बघा. मध्ये चुना भरलेलाच नाही. लाट फटींतून आत शिरते, जोर विरतो, तट टिकतो. आदल्या दिवशी पद्मदुर्गाचा चुना पाहिलेल्या लेकीला तुम्ही काही सांगायच्या आधीच हा फरक दिसेल. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणेशपंचायतन आहे, पुष्करिणी आहे, आजी-आजोबांना देवदर्शन घडेल. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव आणि 1849 साल वाचता येतं. पाणी भरायच्या आत बाहेर पडा. घोडागाडीवाला हाक मारेल तेव्हा निघायचं, आणखी एक फोटो म्हणून थांबायचं नाही.

जेवणाचं थोडक्यात. मासे खात असाल तर मुरुडच्या घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे ताजं मिळेल. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं मागा. जानेवारीत पोपटीचा हंगाम असतो. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात लावून भाजतात. राहाल त्या घरी आदल्या दिवशी विचारलंत तर बहुतेक लावून देतील.

पुण्याहून येताना ताम्हिणी उतरून माणगाव, मग इंदापूर-तळा-आगरदांडा रस्ता धरा. तळ्याच्या पुढे मांदाडजवळ कुडा लेणी आहेत, सव्वीस बौद्ध लेणी, याच राजपुरी खाडीच्या आतल्या टोकावर. सातवाहनांच्या काळापासून या खाडीतून माल ये-जा करत होता, म्हणून तर तिच्या तोंडावर एवढी झुंज झाली. वडिलांना पायऱ्या जमणार नसतील तर गाडी खाली थांबवून तुम्ही दोघी अर्ध्या तासात पाहून या. सोमवारी परत जाताना अलिबागहून पेण-खोपोलीचा रस्ता घ्या. दुपारी दोनच्या आत निघालात तर वडखळच्या कोंडीत अडकणार नाही.